माझी परीक्षा अन् गुड्डी

सकाळी बरोबर सव्वादहाले हे सुरू झालं. मेहकरच्या सरकारी शिवणवर्गात सर्टिफिकेटची परीक्षा होती, एक वर्षाच्या पोरीचा फ्रॉक शिवायचा होता. सासूबाईंले ताप, म्हणून माझी वर्षाची लेक गुड्डी कडेवरच.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “लेकरू आत चालणार नाही.”

तीन महिने शिकली, ते वाया जाते की काय!

आमच्या शिकवणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, हे लेकरू नाही, माप आहे.”

सर हसले. “अन् माप रडलं तर?”

“मी आहे ना!”

दोन तास मॅडमनं गुड्डीले खेळवलं. फ्रॉक तिले बरोबर बसला, मी पास झाली.

आता नवी बॅच भरून राह्यली. लेकरामुळे घरी बसलेल्या बायांले सांगा बरं.