आतल्या खोलीचं दार

फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर आमच्या घरात काय झालं, ऐका. गोडादऱ्याला आम्ही भावंडं आई-बापूंसोबत एकाच खोलीत वाढलो. लग्नानंतर मी भर बाजारात अकराव्या मजल्यावरचा फर्निश्ड फ्लॅट भाड्याने घेतला. सोफा, फ्रिज, पलंग, सगळं मालकाचं. आतली एक खोली आई-बापूंना दिली.

पहिल्याच दुपारी आई उशी घेऊन हॉलमध्ये आली.

"काय गं, पलंग टोचतो का?"

"नही रे. तुना बापू दार लाव म्हनतस. भरदुपारले! घरमा सून शे, ती काय म्हनी?"

तेवढ्यात माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, तुमच्या खोलीतला एसी लावलाय. दार बंद करा, गारवा बाहेर जातोय."

"मग लावनंच पडी," असं म्हणत आई आत गेली. दार लागलं. थोड्या वेळाने आतून तिचं हसू ऐकू आलं. इतकं मोकळं हसताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं.

मी बायकोला हळूच विचारलं, "मालकाने त्या खोलीत एसी दिलाय कुठे?"

"हळू बोला," ती म्हणाली. "आईंनाही माहितीये ते."