सोमवारचं सरोवर

रस्त्यावरचा बर्फ उपसणाऱ्या गाडीचा चालक न्हाव्याच्या खुर्चीत निवांत बसला होता. आज बर्फ पडणार नाही असा हवामान खात्याचा अंदाज होता, म्हणून साहेबांनी सुट्टी दिली होती. मागच्या बाकावर हवामान खात्यातली एक बाई वडिलांना समजावत होती.

“कॉम्प्युटरने सगळं मांडलंय, बाबा. सरोवर गोठलंय, मग बर्फ पाडणारी वाफ उठणार कुठून? बर्फ पडणारच नाही.”

“गोठलंय हे त्याला कोणी सांगितलं?”

“मीच. उपग्रहाच्या फोटोवरून.”

“कधीचा फोटो?”

“सोमवारचा. नंतर नुसते ढगच होते.”

“अगं बये, आज सकाळी मी तिथे होडीतून मासे धरले!”

“होडीतून?”

“मग काय, बर्फावर वल्ही मारली?”

चालक अंगावरचं फडकं झटकून उठला.

“अहो, अर्धं डोकं राहिलंय!” न्हावी ओरडला.

“राहू दे. कानटोपीखाली कोण बघतंय?”