आप्पांचा न दिसणारा रस्ता

गेम दुरुस्त करून पस्तावलेला माणूस बघायचाय? मग माझ्याकडे बघा.

आमच्या आप्पांनी तीस वर्षं सोलापूर-मंगळवेढा-सांगोला बस चालवली. रिटायर झाले आणि घरात त्यांना करमेना. म्हणून मी शाळेत असताना खेळायचो तो गाडीचा गेम त्यांना कॉम्प्युटरवर टाकून दिला. गेम जुना, ग्राफिक्स कार्ड नवीन. रस्ता दिसेचना. नुसतं निळं आभाळ आणि त्यात तरंगणारी गाडी.

"आप्पा, थांबा. सतीशला बोलावतो." सतीश म्हणजे माझा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मित्र.

"कशाला? चाललीया की."

खरंच चालली होती. ढगांतून हळू वळणं घेत, मधेच हॉर्न देत. तासाभरानं आप्पांनी ती आभाळातच अलगद उभी केली.

"काय झालं?"

"मंगळवेढं आलं की. चहाला धा मिनटं."

आणि चहा मागवून, पिऊन, ते परत गाडीवर बसले.

संध्याकाळी सतीशनं कार्डाचं जुनं सॉफ्टवेअर टाकलं. रस्ता आला, बर्फाचे डोंगर आले. आप्पांनी दोन मिनिटं बघितलं आणि उठले.

"ह्या रूटला मी कदी न्हाय गेलो."

दुसऱ्या दिवशी दुपारभर ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी सतीशला फोन लावला.

"आता काय दिसत नाही?" त्यानं विचारलं.

"सगळं दिसतंय रे," मी म्हणालो. "तेवढं घालवून दे."