आयतवारची दुसरी लाँच

...आन् वर सायेब मलाच म्हंत्यात, "दादासो, तुमचं लक्ष कुठं असतं?" आता काय सांगायचं? तुमाला सांगतो, कोयनेच्या पान्याकडंला आमचं राखीव जंगल, मी तिथला गार्ड. अंगावर खाकी, हातात काठी, आन् हुकूम एकच... आयतवारी एक लाँच काठाला लागंल, दुसरी आली की माघारी. का? तर लाँच लागती त्याच जागंला सांबरं पान्यावर येत्यात. येत्यात कुठली! लाँचमधनं आख्खा सातारा उतरतो, निम्मी सांगली उतरती, ट्रान्झिस्टर उतरतो, तीन दगडं मांडून रस्सा शिजतो... सांबरं काय रश्श्याला येनार हायत?

तुमी म्हनाल, मग काठी कशाला दिलीया? दिलीया हो, पर तोंडाला खोड! काठी आडवी धरतो आन् तोंडातनं आपसूक निघतं, "कोनच्या गावचं?" गाव इचारलं की संपलं! "आमी माधवनगरचं." "मग मिलातलं नाथाजी..." "आवं, आमचं साडूच की त्ये!" आन् नाथाजी म्हंजी माझ्या मेव्हनीचा चुलतदीर. आता पाव्हन्याला काठी दावता काय तुमी? काठी खाली, आन् घरात चुलीवर च्या. एकदा जतकडची मानसं आली, निम्मं कानडीच बोलत व्हती, म्हनलं चला, हितं तरी सुटलो... त्यातली म्हातारी माझ्या आजीच्या माहेरची निघाली! गाव इचारलं की संपलं!

शेवटी सायबांनी सांगितलं, आता दुसरी लाँच लागली की नोकरीवर पानी सोडा. आन् नोकरी गेली तर माझ्या शालूचं लगीन कसं व्हनार? आधीच जंगलातली पोर, बघाय कोन येतंय हितवर? तरी बायकूच्या भावानं कोरेगावकडचं स्थळ आनलेलं. पोरगा फौजी, रजंवर आलेला. सोमवारी बघाय येनार म्हनून बायकूनं, आमच्या मनुबाईनं, घर सारवून काढलं, पोह्याला कांदं बी आनून ठिवलं. मी मनाशी म्हनलं, गड्या, एवढा आयतवार नोकरी सांभाळ. काय बी हू दे, गाव इचारायचं न्हाई!

आयतवारी पयली लाँच आली न् गेली. ऊन कलतंय तवर दुसरी आलीच. म्या काठावरनंच हाळी दिली, "माघारी!" लाँचवाला धोंडिराम म्हंतो, "आवं, ऐका तर..." "ऐकनार न्हाई." फेटंवालं एक म्हातारं उठून हुबं ऱ्हायलं, हात जोडून म्हनलं, "राम राम, आमी कोरेगा..." म्या कानावर हात ठिवलं. "गावाचं नाव काढायचं न्हाई! गाव सांगितलं की मी फसतो!"

म्हातारं बघतच ऱ्हायलं. तवा शेजारचा पोरगा उठला. बारीक केस, ताठ मान. म्हनला, "आबा, त्येंना हुकूम हाय. चला माघारी." ना आवाज चढवला, ना तोंड वाकडं केलं. लाँच वळली, आन् मी काठावर हुबा ऱ्हाऊन मनात म्हंतोय, जावई मिळावा तर असा!

हसताय काय? तुमाला कळलं, मला कळाय सांज झाली. धोंडिराम एकलाच लाँच घिऊन आला, म्हनला, "आवं, पोराला तार आली. उद्याच पलटनीकडं निघायचं, म्हनून आजच तुमच्या शालूला बघाय आल्ते." आन् म्हाताऱ्याचा निरोप काय? "ज्या घरात गाव इचारत न्हाईत, त्या घरची पोरगी आमी करनार न्हाई."

उभ्या जन्मात एकदाच गाव इचारलं न्हाई हो!... एकदाच! इचारलं की संपलं, न्हाई इचारलं तरी संपलंच!  शालूनं जाऊन नवी साडी घडी घालून ट्रंकंत ठिवली. ते बघितलं आन् लय वाईट वाटलं मला.

सायेब खूश हायत. पाठीवर थाप मारून म्हनलं, बघा दादासो, जंगल कसं गप झालं. झालंय की. घर बी झालंय. परवा दिस मावळताना दारात बसलोय, तर झाडीतनं सांबर आलं. भलं दांडगं, शिंगंवालं. लाँचच्याच जागंला हुबं ऱ्हाऊन पानी प्यालं, मान वर करून आमच्या घराकडं बघाय लागलं. मागनं मनुबाई आली. चार दिस माझ्याशी बोलली नव्हती, तवा बोलली.

म्हनली, "आवं, पाव्हनं आल्यात वाटतं. पोरीला साडी नेसवू का?"