साऱ्या मुलखानं ऐकलेलं नाव

नाही सांगत म्हनलं ना! धाड गावच्या बाजारात पाय ठेवला का तुमचं हेच, "दयारामबुवा, ते वायरलेसचं सांगा"... अरे, काऊन सांगू? मानसानं आपली लाज किती डाव काढून घ्याची? अन् तुमाले नवं काय त्यात? ऐकलं कोनं? साऱ्यानं! बरं, ऐका, अन् हसाचं असन तं तिकडं तोंड करून हसा.

पोळ्याच्या सुमाराचा पाऊस. आमच्या जानेफळात पुलावरून पानी, नवा महाराष्ट्र झाला तवा थाटात गाडलेले टेलिफोनचे खांब आडवे, पोस्टमास्तर नुसताच डबडं कानाले लावून "हॅलो, हॅलो" करून राह्यला... अन् नेमकं तवाच आमच्या घरचीले गोवऱ्या काढता काढता साप डसला! पाय हा असा सुजला, जीभ जड. वैद्यानं हात जोडले, म्हने सुईच पाहिजे, अन् सुई अकोल्याच्या दवाखान्यात. आता अकोल्याले सांगाचं कसं? कबुतर धाडू?

तं आमच्या गावात हा पंजाबराव. फौजेत वायरलेसवर होता, पेन्शनीत आला तरी हौस जाईना, सरकारी परवाना काढून घरातच यंत्र मांडून बसे अन् दूरदूरच्या तसल्याच रिकामटेकड्यायसंग गोष्टी करे. मी लय हसलो त्याले. त्या दिवशी त्याच्याच उंबऱ्यावर पळत गेलो. त्यानं ट्रकची बॅटरी जोडली, अकोल्याचा नारायणराव म्हनून गडी सापडला बी... तं वाऱ्यानं छपरावरचा तारेचा बांबू लवंडला! पंजाबराव चढला वरतं, बांबू कवटाळून उभा, सोडला का आवाज बंद. वरूनच बोंबलते, "बुवा, तुमीच बोला! बटन दाबा अन् बोला, सोडा अन् ऐका!"

दाबलं. "आमच्या घरचीले साप चावला, सुई पाठवा." सोडलं.

नारायणराव लय सभ्य, आपलं बोलनं सरलं का "ओव्हर" म्हने. "पेशंटचं नाव काय? ओव्हर."

"आमच्या घरची."

"काका, नाव सांगा. दवाखान्यात लिहून द्यावं लागतं. ओव्हर."

आता तुमीच सांगा, आपल्यात बायकोचं नाव घेते का कोनी? लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच, ते बी करवल्यायनं दार अडवलं म्हनून! म्हनलं, "पोरायची माय." थो म्हने, "नाव, काका!" म्हनलं, "इंद्रभानची माय लिवा ना हो!" वरून पंजाबराव, "अहो बुवा, हात तुटून राह्यले माहे, घ्या ना नाव!"

घेतलं. डोळे मिटून घेतलं. अन् एकडाव तोंडातून निंगालं तं काय झालं कोन जाने, मंग थांबलंच नाही... "देवा, थे गेली तं मी चुलीजवळ कोनाचं तोंड पाहू? भाकर करपली म्हनून बोलनार नाही, माहेरी म्हनन तवा जाऊ देईन, पन नेऊ नको तिले"... ढसाढसा रडलो हो! अन् अंगठा बटनावरच! बटन दाबलेलं असलं का दुसऱ्याले बोलताच येत नाही, सारे मुकाट ऐकतात. अन् ऐकलं कोनं? नागपूरनं, इंदूरनं, मद्रासनं बी! अंगठा आखडला तवा कुठं सुटलं ते. नारायणरावचाच आवाज फाटलेला, "काका, नाव मिळालं. माणूस दवाखान्यात धावला. ओव्हर."

नाल्याच्या तिकडच्या काठावर जीप आली, भोयायनं दोर बांधून औषध इकडं आनलं, थे वाचली. एवढंच चांगलं, बाकी सारी लाज. कारन ह्या वायरलेसवाल्यायची रीतच अशी, ज्याचा आवाज ऐकू आला त्याले टपालानं कार्ड धाडाचं! कार्डावर कार्डं... अन् पोस्टमन पारावर उभा राहून खड्या आवाजात वाचे, "वहिनी कशा आहेत? तुमचं रडणं एकदम स्पष्ट ऐकू आलं." मी तोंड लपवू कुठं? ऐकलं कोनं? साऱ्यानं!

फक्त एकाच मानसानं नाही. नारायणराव मुद्दाम भेटाले आला, भर अंगनात तिले म्हने, "काकू, काका तुमच्यासाठी रडले हो." तिनं मले वरून खालतं पाह्यलं. म्हने, "हे? माह्यासाठी? माहं नाव बी घेत नाहीत हे! थे पंजाबराव भाऊजीच रडले असतीन." अन् पुरनपोळ्या कोनाले? पंजाबरावाले! थो बी गिळून राह्यला मुकाट. मले वरून म्हनते, "दुसऱ्याचं रडनं आपल्या नावावर खपवू नका." सारा मुलूख साक्षीले, अन् घरात मीच लबाड! अजून माफी मांगतली नाही तिनं. कोनं म्हनजे? मद्रासले ठाऊक हाय, तुमाले नाही का? आता लपवून तरी काय उरलं... सत्यभामानं!