फळ्यावरचं नाव

लेक सुपीरियर या मोठ्या सरोवराच्या काठी, ऐली म्हातारीच्या दुकानात, मे महिन्यातल्या एका सकाळी वेंडेल गळाला लावायची गांडुळं घ्यायला रांगेत उभा होता. त्याच्या पुढे शहरातून आलेला एक तरुण होता. कायाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, घेऊन ट्राउट मासे धरायला निघालेला.

"नुसत्या सुती शर्टावर चाललास?" ऐलीने त्याला विचारलं.

"आजीबाई, बाहेर ऊन बघा की! घाम फुटलाय मला."

"ऊन तुझ्या डोक्यावर. पाणी अजून बर्फाचंच आहे. उलटलास तर दहा मिनिटांत हातांची लाकडं होतील."

"पट्टीचा पोहणारा आहे मी."

"लाकडांनी पोहणार? तरंगायचं जाकीट आहे का?"

"आहे ना. बुडाखाली घेतलंय, सीट टोचते हो."

"बरं. त्या फळ्यावर नाव आणि परतायची वेळ लिही. आलास की आपल्या हाताने पुसायचं."

"जागाच नाही. हे वरचं पुसू? 'रायनो, दुपारी दोन.'"

वेंडेलने मान खाली घातली.

"त्याला हात लावू नकोस."

"खडू पार विटलाय. कधीचं आहे?"

"गेल्या मे महिन्यातलं."

"मग तुम्ही का नाही पुसलंत?"

"ज्याचं नाव त्यानेच पुसायचं, सांगितलं ना."

"कोण हा रायनो?"

"माझा नवरा. तोही जाकीट बुडाखालीच घ्यायचा. तू खालच्या कोपऱ्यात लिही."