सरकलेली रेघ

वहिनी – हात काढा! भाऊजी, ती हवेची टाकी फिरवू नका. बंदुकीसकट आहे तशी टेबलावर ठेवा.

दीर – अगं, काढल्याशिवाय हवा भरणार कशी?

वहिनी – भरायची नाहीये. ठेवा म्हणते ना! गॉगल चढवा आधी.

दीर – तूही कमाल करतेस. उद्या दादाच्या आठवणीचा सामना, आणि त्याचीच टाकी भरायला तुझे नखरे. रंगाचे गोळे उडवायचं पेंटबॉलचं मैदान चालवतेस की दारूगोळ्याचं कोठार?

वहिनी – हसा. तोही असाच हसायचा. कुणी दिली ही?

दीर – आईनं. माळ्यावर होती. जाम बसलीय, म्हणून आत्ता जरा जोर लावला.

वहिनी – जोर लावला! इकडे बघा, लांबूनच. ही गुलाबी रेघ दिसते?

दीर – नेलपॉलिश?

वहिनी – माझंच. वरचा व्हॉल्व्ह आणि खालची बाटली, दोन्हींवरून एकच सरळ रेघ ओढायची. रेघ जुळली तर व्हॉल्व्ह जागेवर. आता सांगा, जुळते?

दीर – नाही. बोटभर सरकलीय.

वहिनी – म्हणजे तुम्ही टाकी बंदुकीवरून काढत नव्हता, बाटली व्हॉल्व्हवरून काढत होता. दाबाचा काटा बघा, अजून अर्धी भरलेली आहे. आणखी दोन वेढे दिले असते, तर व्हॉल्व्ह बंदुकीत राहिला असता आणि बाटली सुटली असती. सरळ तोंडावर.

दीर – दादाच्या तोंडावर सुटली तशी.

वहिनी – हो. त्याच्या दुसऱ्या टाकीवर रेघच नव्हती. गिऱ्हाइकाच्या एकूण एक टाकीवर मला रेघ ओढायला लावायचा. टाकीच्या दाब-चाचणीची तारीख उलटली असेल तर जिगरी दोस्तालाही हाकलायचा. आणि स्वतःची? ‘माझी मला कळते.’ हिच्यावर मी तो झोपलेला असताना चोरून ओढली. दुसरी गाडीत राहिली होती.

दीर – वहिनी, नशिबापुढे कुणाचं...

वहिनी – नशीब गेलं खड्ड्यात! उद्या त्याच्या नावानं शिट्ट्या मारणारे तुम्ही सगळे तेव्हा तिथेच होतात. एकानं तरी त्याची टाकी उलटून पाहिली? उस्तादाला विचारायचं कुणी!

दीर – मलाच धरून बोलतेस?

वहिनी – तुम्हालाही.

दीर – बरं, मग व्हॉल्व्ह आवळून दे. विषय संपला.

वहिनी – भरलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह आवळायचा? हातसुद्धा लावायचा नाही त्याला. आणि हे बघा, वरचं कार्बनच्या धाग्यांचं वेष्टण खरवडून धागे सुटलेत. हलकी म्हणून मिरवायचा ही. आता रिकामी करून भोक पाडायचं आणि भंगारात.

दीर – भंगारात? कपडे वाटलेस, बूट दिलेस, आता हीसुद्धा! त्याची एक वस्तू ठेवायची नाही, असं ठरवलंयस का तू?

वहिनी – बूट नाही दिले. पलंगाखाली आहेत. बुटांनी कुणाचा जीव जात नाही.

दीर – मग उद्या मी खेळू कशानं?

वहिनी – भाड्याची अ‍ॅल्युमिनियमची न्या. जड आहे, दाबही कमी. पण चाचणी नुकतीच झालीय. ती नको असेल तर घरी बसा. तसली बातमी घेऊन मी आईंसमोर पुन्हा उभी राहणार नाही, भाऊजी.

दीर – आणि हिचं? रिकामी कशी करायची?

वहिनी – आत बॉल नाहीत ना? मग टाकी तसूभरही न फिरवता नळी भिंतीकडे धरा. काटा खाली टेकेपर्यंत घोडा दाबत राहा.

दीर – (घोड्यावर बोट ठेवून) ही हवा कुणी भरली होती?

वहिनी – त्यानंच. गेला त्याच आठवड्यात.

दीर – वहिनी...

वहिनी – हवा आहे ती, भाऊजी. नुसती हवा. दाबा.

दीर – खिडकी लावून घेऊ का आधी? लगेच बाहेर जायला नको.

वहिनी – ...लावा.